छंद छायाचित्रणाचा: आगगाडी, रानफुले आणि कॅमेऱ्याचे प्रयोग

कॅमेऱ्यात येणारा उजेड तीन ठिकाणी आवरता येतो. तो किती वेळ आत यावा हे शटर ठरवते, किती रुंद वाटेने यावा हे अ‍ॅपर्चर ठरवते आणि आलेल्या उजेडाला किती वाढवून घ्यायचे हे आयएसओचा आकडा ठरवतो. छायाचित्रणाचे कोणतेही पुस्तक याच त्रिकोणापासून सुरू होते आणि बहुतेक हौशी मंडळी तिथेच अडखळतात, कारण तिन्ही गोष्टी एकदम शिकायचा प्रयत्न होतो. त्यापेक्षा विषय बदलून शिकणे सोपे जाते. धावत्या आगगाडीपुढे शटरचा निर्णय चुकला की फोटोत ते लगेच दिसते. फुलाच्या अगदी जवळ गेल्यावर अ‍ॅपर्चर आणि फोकस यांची चूक लपत नाही. हे दोन विषय हाताखालून गेले की कॅमेरा मुद्दाम हलवून करायचे प्रयोग अंदाजपंचे राहत नाहीत.

सुरुवातीला महागडी सामग्री लागत नाही. जुना, चालू स्थितीतला डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, त्याच्यासोबत येणारी १८–५५ मिमीची लेन्स आणि पुढे जमेल तेव्हा एफ/१.८ ची ५० मिमी लेन्स एवढ्यावर बरीच मजल मारता येते. मोबाइलमध्ये अ‍ॅपर्चर बहुधा कायमचे ठरलेले असते. पण ‘प्रो’ मोडमध्ये शटर आणि आयएसओ हाताने लावता येतात, आणि शटरचे शिक्षण त्यावर पूर्ण होऊ शकते. कॅमेऱ्यावर ऑटो मोड सोडून गाडीसाठी शटर-प्राधान्य आणि फुलासाठी अ‍ॅपर्चर-प्राधान्य मोड वापरावा. शक्य असेल तर रॉ फाइल ठेवावी. पावसाळी आकाशाचा करडा रंग आणि फुलांचे जांभळे-गुलाबी रंग नंतर सुधारायला तिच्यात पुष्कळ वाव असतो.

धावती गाडी

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. म्हणजे शटर १/१००० सेकंद उघडे असेल तर तेवढ्यात ती जेमतेम ३ सेंटीमीटर सरकते, १/२५० ला ११ सेंटीमीटर आणि १/६० ला जवळजवळ अर्धा मीटर. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की शटरचा आकडा पाठ करावा लागत नाही. त्यात कोनाचा भाग जोडावा. समोरून येणारी गाडी चौकटीत फारशी सरकत नाही, नुसती मोठी होत जाते. तिला १/५०० बहुधा पुरते. तीच गाडी काटकोनात, आडवी जात असेल तर १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर हवे. दर्शनी भाग आणि एक बाजू दोन्ही दिसतील असा तिरपा कोन सर्वांत सोयीचा. त्यात डब्यांची रांग लांबवर जाताना दिसते आणि वेगाचा त्रासही कमी होतो.

मुंबईच्या लोकलचा फोटो काढताना एक वेगळीच अडचण येते. समोरच्या एलईडी फलकावरची अक्षरे अर्धवट उमटतात किंवा गायबच होतात. हे दिवे डोळ्याला सलग दिसले तरी अतिशय वेगाने उघडझाप करत असतात आणि वेगवान शटर त्यातला अंधाराचा क्षण टिपते. गंतव्य स्थानकाचे नाव हवे असेल तर शटर १/१२५ किंवा त्याहून मंद ठेवावे आणि गाडी फलाटात शिरून मंदावेल तेव्हाच बटण दाबावे.

मोबाइलमध्ये आणि ‘सायलेंट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये चित्र एकदम नोंदले जात नाही. एकामागून एक ओळ वाचली जाते. तेवढ्यात गाडी पुढे सरकते आणि डब्याच्या सरळ खिडक्या तिरक्या होतात. कॅमेऱ्यावर याला उपाय म्हणजे यांत्रिक शटर वापरणे. दोष जुनाच आहे. फ्रेंच छायाचित्रकार जाक आंरी लार्तिग याने १९१२ च्या सुमारास काढलेल्या शर्यतीच्या मोटारीच्या फोटोत चाक लंबवर्तुळाकार झाले आहे आणि मागचे प्रेक्षक उलट दिशेला झुकले आहेत, तेही त्या काळच्या पडदा-शटरमुळेच. आज तो फोटो वेगाचे प्रतीक मानला जातो. यंत्राची मर्यादा ठाऊक असेल तर ती टाळता येते, तशी कामालाही लावता येते.

गाडी येण्यापूर्वीच सगळी तयारी झालेली असावी. इंजिनाचे नाक चौकटीत कुठे यायला हवे ते ठरवून तिथल्या खांबावर किंवा स्लीपरवर हाताने फोकस लावून ठेवावा. उजेडाचे मापही आधीच घेऊन मॅन्युअल मोडमध्ये पक्के करावे, कारण इंजिनाचा हेडलाइट समोर आला की कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि गाडी काळी पडते. एका फोटोच्या मागे न लागता गाडी जवळ येईपर्यंत चौकट रिकामी ठेवण्याचा संयम हवा. गाडी फार लवकर टिपली की ती देखाव्यात हरवते, फार उशिरा टिपली की शेजारची झाडे, सिग्नल, वळण हे सारे बाहेर जाते.

जागा निवडताना सूर्य कुठे असेल, हा पहिला प्रश्न. सकाळी आणि दुपारनंतर सूर्य पाठीमागे, जरा बाजूला असेल तर इंजिनाचे तोंड आणि बाजू दोन्ही उजळतात. पावसाळ्यात हा प्रश्नच मिटतो. ढगांतून सगळीकडे सारखा उजेड येतो, रंग गडद दिसतात. मात्र उजेड कमी असल्याने आयएसओ ८०० ते १६०० पर्यंत न्यावा लागतो. थोडे दाणे दिसले तरी चालतील. हललेले इंजिन मात्र नंतर दुरुस्त होत नाही.

या छंदाला महाराष्ट्राइतका अनुकूल मुलूख थोडाच सापडेल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी इथेच धावली आणि १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला. कर्जत ते लोणावळा या टप्प्यात चढ ३७ ला १ असा आहे, म्हणून कर्जतला गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडतात. चढावर गाडीचा वेग कमी असतो, वळणे भरपूर आहेत, आणि एकाच फोटोत पुढचे व मागचे इंजिन दोन्ही घेता येते. नवशिक्याला याहून चांगली शाळा नाही. नेरळ–माथेरानची दोन फुटी रुळांची गाडी १९०७ पासून आहे. ती इतकी सावकाश चढते की मंद शटरचे सगळे प्रयोग तिच्यावर करून पाहता येतात. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो, हे लक्षात ठेवून बेत आखावा. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल दुरून, दरीतल्या झाडांसकट घ्यावा. गाडी लहान दिसली की पुलाची उंची कळते.

दूधसागर धबधब्याबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. धबधब्यासमोरच्या पुलावरून जाणारी गाडी हा फोटो प्रत्येकाला हवा असतो आणि त्यासाठी रुळांवरून चालत जाण्याचा प्रकार पावसाळ्यात घडत आला आहे. तसे करणे गुन्हा आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पावसाळा सरल्यावर कुळ्याहून जीपने धबधब्याच्या पायथ्याशी जाता येते. तिथून पूल दिसतो आणि गाडीही मिळते. पाणी कमी असेल, पण फोटो निर्धास्तपणे काढता येईल.

इतरत्रही हेच पथ्य पाळावे. विजेची इंजिने आवाज न करता जवळ येतात, आणि एका गाडीकडे लक्ष असताना दुसऱ्या मार्गावरून दुसरी येते. वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. पादचारी पुलावरून सेल्फी-स्टिक, ट्रायपॉड किंवा छत्री तारेच्या दिशेने उंचावू नये. लोकोपायलटच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नये. फलाटावर पिवळ्या पट्ट्याच्या आत उभे राहावे, फलाट तिकीट काढावे, ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी स्टेशन मास्तरांना विचारावे. व्यावसायिक चित्रीकरणाला आणि ड्रोनला रीतसर परवानगी लागते. फलाटावरचा हमाल किंवा खिडकीत बसलेले कुटुंब यांचा जवळून फोटो घ्यायचा असेल तर आधी त्यांची संमती घ्यावी.

गाडीत बसूनही फोटो निघतात. एसी डब्याच्या काचेला लेन्स जवळजवळ टेकवावी आणि भोवती गडद रुमाल किंवा ओढणी धरावी, म्हणजे आतल्या दिव्यांचे प्रतिबिंब येत नाही. दूरच्या डोंगरासाठी १/५०० पुरते. रुळांलगतची झाडे मात्र १/१००० लाही ओढल्यासारखी दिसतात. दारातून बाहेर झुकून फोटो काढू नये.

फुलाच्या जवळ

गाडी थांबत नाही म्हणून अवघड आणि फूल जागच्या जागी असते म्हणून सोपे, असा समज असतो. प्रत्यक्षात जितके जवळ जावे तितकी स्पष्ट दिसणारी पट्टी अरुंद होत जाते. फूल आणि संवेदकावरची त्याची प्रतिमा सारख्याच आकाराची होईल इतक्या जवळून, फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/८ ठेवले तरी ही पट्टी सुमारे १ मिलिमीटर जाडीची असते. अ‍ॅपर्चर आणखी अरुंद करून एफ/१६ केल्यास ती दुप्पट होते, पण विवर्तनामुळे सगळेच चित्र किंचित मऊ पडते आणि शटर मंद करावे लागते. म्हणून फुलात नेमके काय स्पष्ट हवे, हे आधी ठरवावे: पुंकेसर, पाकळीची कड की तिच्यावर बसलेला कीटक. मग कॅमेरा त्या भागाला समांतर धरावा. पाकळ्यांचा पसारा संवेदकाला समांतर असला की एफ/५.६ लाही सबंध फूल स्पष्ट येते; कॅमेरा तिरपा धरला तर एफ/१६ लाही येत नाही.

वारा हा खरा शत्रू. पहाटे तो पडलेला असतो, पाकळ्यांवर दव असते, उजेड मऊ असतो. म्हणून फुलांचे काम सकाळी लवकर उरकावे. झुळूक आली तर थांबावे, फूल मूळ जागी येते त्या क्षणी लागोपाठ तीन-चार फोटो घ्यावेत. शटर १/२५० च्या खाली जाऊ देऊ नये, त्यासाठी आयएसओ वाढवावा.

मॅक्रो लेन्स महाग असते. तिच्याआधी एक्स्टेन्शन ट्यूब घ्यावी. ती म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी. तिच्यात काच नसते, त्यामुळे ती स्वस्त पडते आणि जवळ जाऊ देते. उजेड थोडा घटतो, दूरचा फोकस लागत नाही, इतकेच. मोबाइलचा मॅक्रो मोड फुलाच्या इतका जवळ नेतो की मोबाइलचीच सावली पडते. त्याऐवजी थोडे लांब राहून दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स वापरलेली बरी.

साताऱ्याजवळचे कासचे पठार हे या कामाचे माहेरघर. सुमारे १,२०० मीटर उंचीवरचा हा जांभ्या खडकाचा सडा २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आला. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे तेरडा, सोनकी, गेंद, कवला, आभाळी यांचे थरावर थर येतात. सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती ओलसर कातळावर असतात, आणि टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. प्रवेशासाठी शुल्क आणि रोजच्या पर्यटकांसाठी मर्यादा आहे, म्हणून आधी नोंदणी करून जावे.

कासला आखलेली पायवाट सोडायची नसते. हे बंधन छायाचित्रकाराच्या हिताचेच आहे. पायवाटेवर बसून २०० ते ३०० मिमीच्या टेलिलेन्सने, कॅमेरा फुलांच्या उंचीला आणून फोटो घ्यावा. पुढची फुले धूसर रंगांच्या डागासारखी होतात, मधली ओळ स्पष्ट राहते, मागचा ढगाळ डोंगर विरून जातो. लांब लेन्समध्ये विरळ फुलेही दाट दिसतात. उभ्याने, डोळ्यांच्या उंचीवरून खाली बघत काढलेले फोटो हजारोंनी निघतात आणि सगळे सारखेच दिसतात. गेंदाचा पांढरा चेंडू जमिनीच्या पातळीवरून, मागे काळा कातळ ठेवून पाहिला की तो वेगळाच भासतो. दुर्मीळ कंदीलपुष्पासारखे फूल सापडले तर त्याची नेमकी जागा जाहीर करू नये, आणि चौकट नीटनेटकी व्हावी म्हणून शेजारची रोपे वाकवू किंवा तोडू नयेत. एका फोटोसाठी मोडलेले रोप त्या वर्षी बी धरत नाही.

फुलांच्या रंगांवर कॅमेऱ्याचा मीटर फसतो. पांढऱ्या आणि पिवळ्या फुलांनी चौकट भरली की तो फोटो काळवंडवतो. अशा वेळी एक्स्पोजर २/३ ते १ स्टॉप वाढवावे (एक स्टॉप वाढवणे म्हणजे उजेड दुप्पट करणे). लाल जास्वंदीचे उलट असते. एकूण फोटो ठीक दिसतो, पण लाल रंग संपृक्त होऊन पाकळ्यांच्या शिरा नाहीशा होतात. म्हणून तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम वेगवेगळा दाखवण्याची सोय सुरू ठेवावी आणि लाल आलेख उजव्या कडेला आपटत असेल तर एक्स्पोजर कमी करावे. ओल्या पानांची चकाकी पोलरायझर फिल्टरने जाते आणि हिरवा रंग वर येतो. त्या बदल्यात दीड-दोन स्टॉप उजेड द्यावा लागतो. कडक उन्हात फुलावर पांढरी छत्री किंवा ट्रेसिंग पेपर धरावा, आणि सावलीच्या बाजूने थर्माकोलचा तुकडा लावून थोडा उजेड परतवावा.

प्रवास जमत नसेल तर खिडकी पुरते. उत्तरेकडच्या खिडकीत मोगरा, झेंडू, गोकर्ण काहीही ठेवावे, मागे काळे कापड किंवा करडा कार्डबोर्ड लावावा आणि ट्रायपॉडवरून सावकाश फोटो घ्यावा. जर्मन कलाशिक्षक कार्ल ब्लॉसफेल्ट याने स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने साध्या पार्श्वभूमीवर कोंब, कळ्या, वेलींचे आकडे अनेक पटींनी मोठे करून टिपले. १९२८ मध्ये त्याचे पुस्तक निघाले तेव्हा सामान्य रानझुडपांत लोखंडी जाळीकाम आणि मंदिरांचे खांब दिसावेत, याचे लोकांना नवल वाटले. घरातल्या एका फुलावर इतके लक्ष दिले, तर कासला जाण्याआधीच निम्मे शिक्षण होते.

हलता कॅमेरा

कॅमेरा स्थिर धरणे हा नियम मोडण्याचे सर्वांत उपयुक्त तंत्र म्हणजे पॅनिंग. गाडीच्या वेगाबरोबर कॅमेरा फिरवला की गाडी स्पष्ट राहते आणि मागची झाडे आडव्या रेघांत ओढली जातात. शटर १/६० पासून सुरू करावे आणि सराव वाढेल तसे १/३०, १/१५ पर्यंत उतरावे. माथेरानच्या गाडीला १/८ सुद्धा चालते. पाय फोटो घ्यायच्या दिशेला रोवावेत, कंबरेतून वळून गाडी येते त्या बाजूला बघावे, तिच्याबरोबर सावकाश फिरावे, आणि बटण दाबल्यानंतरही फिरणे थांबवू नये. हात तिथेच थबकला की फोटो बिघडतो. लेन्समधल्या स्थिरीकरणाला पॅनिंगचा वेगळा मोड असेल तर तो लावावा. बरेच फोटो वाया जातील. त्याने खचू नये. रस्त्यावरच्या सायकली आणि रिक्षांवर रोज सराव करता येतो.

दुसरे तंत्र, कॅमेरा मुद्दाम हलवण्याचे. शटर १/४ ते १ सेकंद ठेवून सागाच्या बनात कॅमेरा वरून खाली ओढला तर बुंधे रंगाच्या उभ्या फराट्यांत बदलतात. समुद्र, भातखाचरे, तेरड्याचे पठार यांच्यासाठी आडवी हालचाल घ्यावी, कारण तिथल्या मूळ रेषाच आडव्या असतात. हालचाल विषयातल्या मुख्य रेषेच्या दिशेने झाली तर चित्र ओळखता येते, आडवीतिडवी झाली तर नुसता चिखल होतो. दिवसा उजेड जास्त असतो, म्हणून एनडी फिल्टर लागतो. सहा स्टॉपचा फिल्टर उजेड ६४ पटींनी घटवतो, म्हणजे १/६० चे शटर जवळजवळ १ सेकंदाचे होते. पावसाळी संध्याकाळी जंगलात फिल्टरशिवायच भागते. छायाचित्रकार अर्न्स्ट हास याने १९५० च्या दशकात बैलझुंजीचे रंगीत फोटो असेच मंद शटरने काढले. त्यांत बैलाच्या शिंगांपेक्षा त्याची झेप दिसते.

झूम लेन्स असेल तर अर्ध्या सेकंदाच्या शटरमध्ये झूम फिरवून पाहावा. मधोमध असलेल्या फुलातून रंगांचे पट्टे बाहेर फेकल्यासारखे दिसतात. हा परिणाम लवकर कंटाळवाणा होतो, त्यामुळे जपून वापरावा. दुहेरी एक्स्पोजरला अधिक वाव आहे. एकाच चौकटीत फूल एकदा स्पष्ट आणि एकदा धूसर घेतले तर त्याच्याभोवती मऊ तेज येते. कॅमेरा स्वतः तोल राखत नसेल तर दोन एक्स्पोजरसाठी प्रत्येकी १ स्टॉप आणि चारसाठी प्रत्येकी २ स्टॉप कमी ठेवावा.

रात्री ट्रायपॉडवर एफ/८, आयएसओ १०० आणि १० ते ३० सेकंदांचे शटर लावले की जाणाऱ्या गाडीच्या जागी तिच्या खिडक्यांच्या उजेडाच्या रेघा उमटतात. शटर गाडी चौकटीत शिरण्याआधी उघडावे आणि ती पूर्ण गेल्यावर बंद व्हावे, नाहीतर रेघ मध्येच तुटते. रात्रीच्या आगगाडीचा सर्वांत नियोजनबद्ध छायाचित्रकार म्हणजे अमेरिकेतला ओ. विन्स्टन लिंक. १९५५ ते १९६० या काळात त्याने नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिने शेकडो फूट तारांना जोडलेल्या फ्लॅशबल्बांच्या उजेडात टिपली. तो रेल्वेच्या सहकार्याने काम करत होता. आज कोणी चालत्या गाडीवर फ्लॅश मारू नये. त्याच्याकडून घ्यायचे ते नियोजन: गाडी कुठे असेल, माणसे कुठे उभी असतील, धूर कुठे जाईल, हे सारे अंधार पडण्यापूर्वी ठरलेले असे.

कॅमेऱ्याची निगा आणि नोंदी

कोकणात आणि घाटमाथ्यावर लेन्सचा नाश धुळीपेक्षा बुरशीने अधिक होतो. पावसातून आल्यावर कॅमेरा पुसून पंख्याखाली कोरडा करावा आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. चामड्याच्या बॅगेत किंवा लाकडी कपाटात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू वाढतात आणि काचेवरचा लेप खातात. वापरात असलेली लेन्स सहसा सुरक्षित राहते.

काढलेल्या फोटोंतले थोडेच ठेवावेत, पण ठेवलेल्या प्रत्येकाची नोंद करावी: दिनांक, ठिकाण, गाडीचे नाव व इंजिनाचा क्रमांक, फुलाचे स्थानिक नाव. प्रयोगाच्या फोटोला शटरचा वेग आणि हालचालीची दिशाही लिहावी, म्हणजे तोच परिणाम पुन्हा साधता येतो. मूळ फाइलींच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले आणि पुलांवरून धूर सोडत जाणाऱ्या डिझेल इंजिनांची जागा विजेच्या इंजिनांनी घेतली. त्या डिझेल इंजिनांचे नोंदींसह जपलेले हौशी फोटो आज इतिहासाची साधने आहेत. आजच्या गाड्यांचे आणि आजच्या सड्यांवरच्या फुलांचे फोटोही नावनिशीसकट जपून ठेवावेत.